जुनी गाडी नवी करण्याच्या आग्रहाविरुद्ध

जुन्या मोटारींचा नाद असलेल्या मंडळींत एक मत इतकं मुरलं आहे की ते निव्वळ एक मत आहे, हेच कोणाच्या ध्यानात येत नाही. गाडी 'रिस्टोअर' करायची म्हणजे ती कारखान्यातून ज्या दिवशी बाहेर पडली त्या दिवसाच्या रूपात तिला परत आणायची. रंग मुळापासून खरवडायचा, पत्रा उघडा करायचा, सीट नव्याने मढवायच्या, क्रोम पुन्हा चढवायचं, इंजिनचा ब्लॉकसुद्धा रंगवून काढायचा. पाहणारा म्हणाला, "वा! आत्ताच शोरूममधून काढल्यासारखी दिसते," की मालक भरून पावतो. रॅलीतले परीक्षकही बहुधा याच मापाने गुण देतात आणि गॅरेजवाले याच मापाने पैसे मागतात. हे मत मला मान्य नाही. त्याच्यापायी आपल्याकडच्या मोटारींचा खरा इतिहास दरवर्षी थोडा थोडा खरवडून फेकला जातो आहे.

खंडन करायचं तर पूर्वपक्ष आधी त्याच्या सगळ्यात भक्कम रूपात मांडावा, ही आपल्या शास्त्रकारांची शिस्त. ती पाळू. पूर्वपक्ष म्हणतो : मोटार ही एका रचनाकाराची आणि एका कारखान्याची कृती आहे. तिची प्रत्येक रेषा, प्रत्येक रंग कोणीतरी विचारपूर्वक ठरवलेला होता. पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांत तिचं जे झालं ते अपघात, हेळसांड आणि नाइलाज. टंचाईच्या काळात एखाद्या मेस्त्रीने मिळेल तो भाग बसवला, त्यात जपण्यासारखं काय? तैलचित्रावर धूळ बसली तर ती पुसायचीच असते. शिवाय गंज थांबत नाही. आज तो मुळापासून काढला नाही तर उद्या गाडीच उरणार नाही. आणि कायदासुद्धा 'मूळ रूप' हाच शब्द वापरतो.

युक्तिवाद वजनदार आहे. पण तो सगळा एका गृहीतावर उभा आहे : कारखान्यातलं मूळ रूप म्हणून एक निश्चित, ठाऊक असलेली आणि परत गाठता येणारी गोष्ट असते. आधी तेच तपासू, आणि त्यासाठी महाराजांच्या रोल्स-रॉइसपेक्षा आपल्या परिचयाची गाडी घेऊ.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी डॉज, प्लिमथ, डी सोटो या अमेरिकन गाड्यांची जुळणी झाली, मग फियाट आली. १९५४ मध्ये फियाट ११०० आली. तिच्या पहिल्या गोलमटोल अवताराला मुंबईकर 'डुक्कर फियाट' म्हणत, अगदी प्रेमाने. १९६४ मध्ये 'डिलाइट', पुढे 'प्रीमियर प्रेसिडेंट' आणि १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी'. इटलीत ११०० ची मालिका १९६९ मध्ये संपली. कुर्ल्यात तीच गाडी शतक संपेपर्यंत बनत राहिली. साडेतीन दशकं सांगाडा तोच, पण जाळी, बंपर, डॅशबोर्ड, दिवे बदलत गेले. आता एखाद्याकडे १९६६ ची डिलाइट आहे. तिची जाळी १९८० च्या सुमारास अपघातात गेली आणि त्या वेळी दुकानात मिळत होती ती पद्मिनीची जाळी बसली. मालक 'मूळ रूप' शोधायला इटालियन पुस्तक उघडतो. पण इटलीतल्या ११०० डी चं इंजिन १२२१ सीसीचं होतं आणि आपल्या गाडीचं १०८९ सीसीचं. मुळाचंच मूळ जुळत नाही. मग तो परदेशातून इटालियन जाळी, इटालियन दिवे, इटालियन बिडिंग मागवतो. खर्च करून तयार होते ती ना कुर्ल्यातली गाडी, ना तुरिनमधली.

रंगाचंही तसंच. आज रिस्टोअर झालेल्या जवळजवळ प्रत्येक गाडीवर पी.यू. (पॉलियुरेथेन) रंग आणि वर क्लिअर कोट असतो. त्या रंगात जी ओली, खोल चमक दिसते, ती साठच्या दशकातल्या गाडीवर कधीच नव्हती, कारण क्लिअर कोटची ही पद्धत मोटारींत सर्रास आली ती त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. जुना रंग उथळ चमकायचा, उन्हाने लवकर पांढुरका पडायचा, आणि मालक रविवारी पॉलिश घेऊन बसायचा. दरवाजा आणि मडगार्ड यांच्यामधली फटसुद्धा आज पुटिंग भरून भरून इतकी एकसारखी करतात की कुर्ल्याच्या कामगाराने ती पाहिली असती तर गाडी ओळखली नसती. म्हणजे 'कारखान्यातल्यासारखी' म्हणून जी गाडी आपल्यासमोर येते, ती कारखान्याने कधीच बनवलेली नसते.

हा वाद मोटारींपेक्षा जुना आहे. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये व्हियोले-ल-द्यूक या वास्तुविशारदाने जुन्या चर्च आणि किल्ल्यांच्या पुनर्बांधणीचा धडाका लावला होता. त्याने स्वतःच प्रामाणिकपणे लिहून ठेवलं आहे की पुनरुद्धार म्हणजे इमारतीला अशा पूर्णावस्थेत आणणं, जी एखाद्या क्षणी प्रत्यक्षात कधी अस्तित्वातच नसेल. तो हे आपल्या पद्धतीचं समर्थन म्हणून सांगत होता. मला त्यात तिची सगळ्यात नेमकी टीका दिसते. इंग्लंडमध्ये कलासमीक्षक जॉन रस्किनने १८४९ मध्येच असल्या पुनरुद्धाराला विध्वंस म्हटलं आणि १८७७ मध्ये कवी आणि कारागीर विल्यम मॉरिसने जुन्या इमारती 'सुधारकांच्या' हातून वाचवण्यासाठी संस्थाच काढली.

पण इतकं लांब कशाला जायचं? अजिंठ्याला चला. १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने चेक्कोनी आणि ओर्सिनी या दोन इटालियन तज्ज्ञांना लेण्यांतली चित्रं सावरायला बोलावलं. सुटू लागलेला गिलावा त्यांनी पक्का केला, ते काम मोलाचं होतं. पण चित्रं उठून दिसावीत म्हणून त्यांनी वर लाखेचं व्हार्निश चढवलं. काही वर्षं रंग खुलले. मग व्हार्निश पिवळं पडलं, काळवंडलं, त्यात धूळ अडकली, आणि पुढच्या पिढ्यांतल्या रसायनतज्ज्ञांना तो थर उतरवत बसावं लागलं. आपल्याच राज्यातला हा धडा डोळ्यांपुढे असताना जुन्या पत्र्यावर चमकीचा थर चढवताना आपला हात थोडासुद्धा थबकत नाही, याचं मला वाईट वाटतं.

आता पूर्वपक्षाचा सगळ्यात खोल मुद्दा : भाग बदलले की गाडी 'ती' राहत नाही, म्हणून मूळ भागांकडे परत गेलं पाहिजे. यावर लंडनच्या उच्च न्यायालयात १९९० मध्ये एक खटला चालला. 'ओल्ड नंबर वन' नावाची बेंटली स्पीड सिक्स १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षं ल मांची शर्यत जिंकली होती. नंतर ती शर्यतीत उतरतच राहिली, भाग बदलत गेले. १९३२ मध्ये ब्रुकलँड्सला तिचा भीषण अपघात होऊन चालक क्लाइव्ह डनफी मरण पावला, तोवर तिच्यात मोठं आठ लिटरचं इंजिन आलेलं होतं. १ कोटी पौंडांचा सौदा ठरल्यावर खरेदीदार म्हणाला, ही ती गाडीच नव्हे, १९२९ मधला भाग तिच्यात उरलाय कुठे? न्यायमूर्ती ओटन यांनी निकाल विक्रेत्याच्या बाजूने दिला. गाडी कोणत्याही एका क्षणी संपून दुसरी सुरू झाली नव्हती. तिचं नाव, तिचा वापर, तिची वाटचाल अखंड होती, म्हणून ती खरीच 'ओल्ड नंबर वन' ठरली.

भारतीय वाचकाला हा निकाल नवा वाटायला नको. 'मिलिंदप्रश्ना'त नागसेन भिक्षू मिलिंद राजाला त्याच्याच रथाबद्दल विचारतो. आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? दांडी, जू, दोर? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो आणि शेवटी कबूल करतो की या सगळ्यांच्या जुळणीला व्यवहारात रथ म्हणतात. नागसेनाचा रोख आत्म्याच्या प्रश्नाकडे होता, वाहनाकडे नव्हता, हे मला ठाऊक आहे. तरी त्याचा तर्क इथे चपखल लागू पडतो. कुठल्याशा मूळ भागात रथपण दडून बसलेलं नसेल, तर मूळ भाग शोधून बसवल्याने ते परतही येणार नाही. गाडीचं गाडीपण तिच्या अखंड वाटचालीत आहे. मग त्या वाटचालीच्या खुणाच पुसून टाकणं हे गाडी वाचवणं कसं?

या खुणा कशा असतात ते एका दरवाजावर पाहू. एका डिलाइटचा डावा पुढचा दरवाजा. पातळ फडक्यात गुंडाळलेला चुंबक वरून खाली फिरवत आणला की हँडलच्या वीतभर खाली त्याची पकड सुटते : तिथे पुटिंग आहे. आतलं रेक्झिनचं पॅनल काढलं की मागून ठिगळ दिसतं, हाताने कापलेलं, कडेने पितळी टाका घातलेलं. ठिगळाचा पत्रा तेलाच्या डब्याचा, छपाईची अक्षरं उलट्या बाजूला अजून अंधुक दिसतात. बाहेरच्या अंगाला नाण्याएवढ्या जागी वॉटर पेपर पाणी लावून हलक्या हाताने घासला की रंगांची वर्तुळं उघडी होतात : वर पांढरा, त्याखाली फिकट निळा, मग करडं प्रायमर, आणि तळाला पत्र्याला चिकटलेला पहिला करडा-हिरवा. आर.सी. बुकात रंगबदलाची एक नोंद आहे, निळ्याची, सहीशिक्क्यासह. पांढरा कोणी नोंदवलाच नाही. तळहाताएवढ्या जागेत गाडीचे तीन काळ, एक अपघात, एका मेस्त्रीचा हात आणि टंचाईच्या वर्षांतलं पत्र्याचं मोल, एवढं सगळं वाचता येतं. 'बेअर मेटल'पर्यंत खरवडण्याच्या पद्धतीत हा दरवाजा दुपारभरात कोरा होतो.

ज्याला पूर्वपक्ष 'नाइलाज' म्हणतो, तीच माझ्या मते भारतीय मोटारीची खास ओळख आहे. स्वातंत्र्यानंतर परदेशी गाड्यांच्या आयातीवर निर्बंध आले आणि देशात असलेल्या बुइक, शेव्हरले, मॉरिस, ऑस्टिन इथल्याच कारागिरांच्या भरवशावर धावू लागल्या. किंगपिनचे बुश लेथवर उतरवले गेले. बेअरिंगमध्ये व्हाइट मेटल हाताने ओतलं गेलं. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात नमुना समोर ठेवून भाग ओतून, कातून मिळत. कुर्ल्याच्या सी.एस.टी. रोडवर आणि चोरबाजारात मोडीतल्या गाड्यांचे अवयव मिळत. अवाढव्य अमेरिकन गाड्यांचं पेट्रोल परवडेना तेव्हा कित्येकांत डिझेल इंजिन बसवली गेली. डेट्रॉईटमध्ये ही विद्या नव्हती, तिची तिथे कधी गरजच पडली नाही. तिचे लिखित ग्रंथ नाहीत, नकाशे नाहीत. ती शिल्लक आहे फक्त त्या गाड्यांच्या आत, वेल्डिंगच्या शिवणीत आणि कातलेल्या बुशांत. आपण जुने भाग फेकून परदेशातून पेटीबंद नवे मागवतो तेव्हा मेस्त्रीच्या हाताचा हा एकुलता एक पुरावा भंगारात जातो.

आता आक्षेपांकडे. पहिला, सुरक्षिततेचा. ब्रेकचे होज, टायर, इंधनाच्या नळ्या, कुजलेलं वायरिंग हे सगळं बदलायलाच हवं. त्यात वादच नाही, आणि जतनाचा विचार त्याच्या आड कधी येतही नाही. जुन्या वाहनांच्या संघटनांचा 'फिवा' हा १९६६ साली स्थापन झालेला जागतिक महासंघ आहे. इमारतींसाठी १९६४ मध्ये झालेल्या व्हेनिस सनदेच्या धर्तीवर त्याने वाहनांसाठी तुरिन सनद मान्य केली. ती सांगते की बाहेरून लादलेले आवश्यक बदल शक्यतो परत फिरवता येतील असे असावेत, काढलेले महत्त्वाचे मूळ भाग गाडीसोबत जपावेत, केलेल्या कामाची नोंद ठेवावी. आणि त्याच सनदेत हेही आहे की गाडीच्या वापरातल्या काळात तिच्यात झालेले बदल हे तिच्या इतिहासाचे साक्षीदार आहेत. पुनरुद्धार करताना तिला निर्मितीच्या तारखेच्या रूपात परत नेण्याची गरज नाही. आपल्याकडचे क्लब 'फिवा'चं नाव आदराने घेतात. ही सनदही तितक्याच आदराने वाचली जावी, एवढीच माझी मागणी आहे.

दुसरा आक्षेप गंजाचा. मुंबईच्या खारट, दमट हवेत तो खरा आहे. भोक पडलेला सिल, कुजलेली फरशी कापून तिथे नवा पत्रा जोडावाच लागतो. पण फरशी कुजली म्हणून टपाचा धडधाकट रंग खरवडायचं कारण नाही. जिथे रोग आहे तिथे शस्त्रक्रिया करा, उरलेल्या अंगाला साबणपाणी, मेण आणि कोरडी जागा पुरते. याला पैसा कमी लागतो. संयम मात्र जास्त लागतो.

गंजाचाच उलटा नादही आता सुरू झाला आहे : चांगल्या पत्र्यावर आम्ल ओतून गंज आणायचा आणि त्यावर क्लिअर कोट मारून 'म्हातारपण' विकायचं. काहींना वाटतं, माझ्यासारखे लोक याचेच पुरस्कर्ते. मुळीच नाही. खोटं तारुण्य आणि खोटं म्हातारपण ही एकाच वृत्तीची दोन रूपं आहेत. दोन्हींत गाडीवर जे घडलंच नाही ते घडल्याचं दाखवलं जातं.

तिसरा आक्षेप असा की गाडी माझी आहे, मी तिचं काहीही करीन. कायद्याने हे खरं आहे. पण जो माणूस तिला आपला 'वारसा' म्हणतो, त्याने वारसा या शब्दाबरोबर येणारी जबाबदारीही घेतली पाहिजे.

कायद्याचा विषय निघालाच आहे तर २०२१ मध्ये केंद्र सरकारने केलेल्या विंटेज वाहनांच्या नियमांबद्दल. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेल्या दुचाकी-चारचाकींना 'व्हीए' अक्षरांची वेगळी नोंदणी मिळते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये शुल्क, मुदत दहा वर्षं. अट अशी की वाहन मूळ रूपात राखलेलं असावं आणि चॅसी, बॉडी किंवा इंजिनमध्ये फेरबदलासारखी मोठी उलथापालथ झालेली नसावी. पूर्वपक्ष याचा आधार घेतो. पण हे शब्द नीट वाचले तर ते आधी त्याच्याच विरुद्ध जातात. गाडी हाडापर्यंत सोलून, पत्रा बदलून, पुन्हा घडवणं यापेक्षा मोठी उलथापालथ ती कोणती? उलट, १९६२ मध्ये डिझेल इंजिन बसलेली आणि तेव्हापासून तशीच चाललेली गाडी या अटीत अडकण्याची भीती आहे. तिचं ते इंजिन साठ वर्षांचं आहे, स्वतःच विंटेज आहे. नियमात इथे सुधारणा व्हायला हवी : वापरातल्या काळात झालेला, जुन्या कागदांवर नोंदलेला बदल मूळ रूपाचाच भाग धरावा.

आणि ज्यांना बक्षिसाची आणि किमतीची भाषाच पटते, त्यांच्यासाठी एक बातमी. अमेरिकेतली पेबल बीचची स्पर्धा १९५० पासून चालत आली आहे आणि चकाकत्या गाड्यांची पंढरी मानली जाते. २०२४ मध्ये तिथे सर्वोत्तम ठरली १९३४ ची एक काळी बुगाटी टाइप ५९, जिचा पुनरुद्धार झालेलाच नाही. जतन केलेल्या, हात न लावलेल्या गाड्यांच्या वर्गातली गाडी तिथे सर्वोच्च मानावर जाण्याची ती पहिलीच वेळ.

आपल्याकडे या वादाची कसोटी मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीवर लागणार आहे. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आर.टी.ओ.त नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून या टॅक्सी रस्त्यावरून गेल्या. निदान एक तरी जपून ठेवा, अशी मागणी टॅक्सीवाल्यांच्या संघटनेने केली होती, आणि ती योग्यच आहे. पण एक जपायची ती कोणत्या रूपात? कारखान्यातलं रूप हवं असेल तर सीएनजीची टाकी काढावी लागेल, कारण कुर्ल्यातून ती टाकी बसून आली नव्हती. मुंबईची हवा बिघडली आणि त्यावर न्यायालयाचे आदेश आले तेव्हा ती बसली. टाकीने डिकी अडवली म्हणून सामान टपावरच्या कॅरियरवर बांधावं लागे. तो कॅरियरही काढावा लागेल. बाहेरचा मीटर, चालकाने आपल्या पैशाने घातलेली फुलाफुलांची सीट कव्हरं, आरशाला बांधलेला देवाचा फोटो, स्टिअरिंगवरच्या गिअरच्या दांड्याची झिजून गुळगुळीत झालेली मूठ, सगळं जाईल. समोर उरेल एक सुंदर, चकचकीत प्रीमियर पद्मिनी. टॅक्सी मात्र उरणार नाही, आणि जपायला निघालो होतो ती टॅक्सी.

म्हणून जो कोणी हे काम हाती घेईल, मग ते सरकार असो, संग्रहालय असो की एखादा हौशी मालक, त्याने हातात पाना घेण्याआधी प्रत्येक भागाचे फोटो काढावेत, रंगांचे थर उघडून नोंदवावेत, गाडी ज्याने चालवली आणि ज्याने दुरुस्त केली त्या दोघांना समोर बसवून कोणता बदल कधी आणि का झाला हे लिहून घ्यावं, काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून ठेवावा. रॅली भरवणाऱ्या क्लबांनी येत्या हंगामापासून गुणपत्रिकेत 'जतन' हा वेगळा वर्ग ठेवावा आणि त्यात मालकाकडच्या दुरुस्तीच्या वहीला पत्र्याच्या चमकीपेक्षा जास्त गुण द्यावेत.